जंगल लावायचंय? मग पहिलं वर्ष कुदळीला हात लावू नका

स्वतःच्या जमिनीचा एखादा तुकडा पडून असतो, त्यावर पक्ष्या-प्राण्यांसाठी देशी झाडांचं छोटंसं रान करावं असं डोक्यात येतं, आणि माणूस पहिलं काय करतो तर नर्सरी गाठतो. मी पण तेच केलं. टेम्पो भरून रोपं आणली, दोरी लावून सरळ ओळीत खड्डे घेतले, आणि सगळं कसं स्वच्छ दिसावं म्हणून मधलं गवत-झुडूप ब्रश कटरनं सपाट करून टाकलं. दोन वर्षांनी बघतो तर लावलेल्यातली निम्मी गेलेली, आणि बांधाच्या ज्या कोपऱ्यात दगड होते म्हणून ब्रश कटर पोचलाच नव्हता तिथे कुणीही न लावलेली अकरा झाडं कमरेएवढी झालेली. चार जांभळं, एक उंबर, बाकीची तेव्हा ओळखूही आली नाहीत. म्हणजे मी पैसे मोजून जे लावत होतो ते तिथे फुकटात उगवत होतं, आणि बाकी सगळ्या जमिनीवर मीच ते दर दोन महिन्यांनी कापत होतो.

तर आता कुणी विचारलं की मी सांगतो, पहिलं वर्ष फक्त बघा.

बघायचं म्हणजे काय, तर पहिला पाऊस होऊन तीनेक आठवडे झाले की सगळा तुकडा चालून काढा, वाकून, गवत बाजूला करत. जिथे जिथे झाडाचं रोप दिसेल तिथे बांबूची काडी रोवा आणि काडीला रंगीत चिंधी बांधा, नाहीतर पुढच्या आठवड्यात तुम्हालाच सापडणार नाही. जुने खुंट असतील तर त्यांना फुटवे आलेत का बघा. खुंटाखाली आधीचीच मोठी मुळं असतात, त्यामुळे त्याचा फुटवा नर्सरीतल्या रोपाला सहज मागे टाकतो, फक्त पाच-सात फुटव्यांतले दोन चांगले ठेवून बाकीचे काढायचे. मग ऐन कोरड्या दिवसांत परत एकदा चक्कर मारा. तेव्हाही जे हिरवं आहे ते तुमच्या मातीत टिकणारं आहे, दुसरं कुठलं सर्टिफिकेट लागत नाही.

याच वर्षात मातीचं पण बघून घ्या. फूटभर खोल खड्डा घ्यायचा, पाण्यानं भरायचा, ते जिरलं की परत भरायचा. दुसऱ्या वेळचं पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल तर तिथे पाणथळ जागेतली झाडं लागतील, बाकीच्यांची मुळं कुजून जातील. आणि अर्ध्या तासात गायब झालं तर समजायचं की खाली मुरूम आहे, इथे काटक झाडंच घ्यायची. एकाच तुकड्यात दोन्ही प्रकार निघतात, म्हणून चार-पाच ठिकाणी करून बघा. ही टेस्ट इतकी सोपी आहे की कुणीच करत नाही.

आता एक गोष्ट जी लोकांना आवडत नाही. जमीन रिकामी दिसते म्हणजे ती उजाडच आहे असं नसतं हो. जुनं गवताळ माळरान असेल, कातळाचा सडा असेल, पाणथळ असेल, तर तिथे जंगल लावूच नका. धाविक, माळटिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, झाडं उभी राहिली की ते जागा सोडतात. याचं मोठ्यातलं मोठं उदाहरण म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडचा फ्लो कंट्री. तिथल्या दलदलीत १९७०-८० च्या दशकांत करसवलती मिळतात म्हणून चर खणून पाणी काढलं आणि परदेशी सूचिपर्णी झाडं लावली, दलदलीतले पक्षी हटले, आणि पुढे तीच झाडं तोडून चर बुजवायचा खर्च करत बसावं लागलं. २०२४ मध्ये तीच दलदल जागतिक वारसा यादीत गेली. म्हणजे झाड लावणं दर वेळी पुण्याचंच काम असतं असं काही नाही. जंगल लावायचं ते जिथे आधी जंगल होतं आणि तुटलं तिथे, म्हणजे सोडून दिलेली शेती, जुनी परदेशी लागवड, तुटका ओढ्याकाठ वगैरे. आणि लावण्याआधी हे पण विचारून घ्या की उद्या त्यातलं एखादं झाड काढायचं म्हटलं तर परवानगी लागते का, कारण बऱ्याच ठिकाणी स्वतःच्या जमिनीवरचं झाडही मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही, आणि विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढणं, तर पुढे करावीच लागते.

झाडं कुठली हा प्रश्न सगळे पहिला विचारतात, आणि त्याचं उत्तर यादीत नसतं, तुमच्या जवळच्या जुन्या रानात असतं. तुमच्यासारखीच माती आणि तेवढाच पाऊस असलेली, जवळात जवळची, न मोडलेली जागा शोधा आणि तिथे वर्षभरात चार वेळा जा. उंच झाडं कुठली, त्यांच्याखालची कुठली, झुडपं कुठली, वेली कुठल्या, काय कधी फळतं, सगळं लिहून काढा, फोटो काढा. आपल्याकडे गुलमोहर इतका जुना वाटतो की लोक त्याला देशी समजतात, तो मादागास्करचा. सुबाभूळ आणि गिरिपुष्प, म्हणजे ज्याला उंदीरमारी पण म्हणतात ते, दोन्ही मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचे. हिरवीगार दिसतात, पटापट वाढतात, आणि 'देशी प्रजाती' अशा पाटीखाली विकली जाताना मी स्वतः पाहिलेली आहेत.

देशीचाच हट्ट कशासाठी, तर मुख्य कारण अळ्या. पानं खाणारे बरेचसे कीटक ठरावीक झाडांनाच सरावलेले असतात, कारण प्रत्येक झाडाच्या पानात स्वतःची विषं असतात आणि ती पचवायला शिकायला लाखो वर्षं जातात. बहाव्यावर पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, ऐन आणि अर्जुनावर टसर रेशमाचा पतंग. बाहेरून आणलेल्या झाडावर यातलं फारसं काही येत नाही, पानं वर्षभर कशी अगदी गुळगुळीत, आणि लोकांना तेच आवडतं. पण बहुतेक छोटे पक्षी पिल्लांना दाणे नाही भरवत, अळ्या भरवतात. उत्तर अमेरिकेत चिकडी नावाचा पक्षी आहे, चिमणीपेक्षाही छोटा, त्याचा हिशेब प्रसिद्ध आहे, एका वीणीची पिल्लं उडायच्या लायक करायला त्या जोडीला ६,००० ते ९,००० अळ्या लागतात. एक घरटं, सहा हजार अळ्या! त्यामुळे तुमच्या झाडाची पानं चाळणीसारखी झाली तर खूश व्हायचं, औषधाचा पंप काढायचा नाही. मला फोन करून 'कीड लागलीय, काय मारू' विचारणारे अजून आहेत.

दुसरा मुद्दा फळांचा. वड, उंबर, पिंपळ, नांद्रुक या सगळ्या गटाचं वैशिष्ट्य असं की प्रत्येकाची परागणाची स्वतःची बारकी गांधीलमाशी असते, आणि तिची पिढी चालू राहायची तर आसपास त्याच जातीचं कुठलं तरी झाड सतत फळावर असावंच लागतं. म्हणून बाकी सगळं आटलेलं असतं तेव्हाही यातलं एखादं लगडलेलं सापडतं. छोट्या तुकड्यात यातली दोन-तीन झाडं पुरेत, पण ती असावीतच, आणि विहीर, पाइपलाइन, भिंत यांच्यापासून लांब असावीत. बाकीचं असं निवडा की कॅलेंडर भरेल, कोरड्या दिवसांत फुलणारे पळस-पांगारा-काटेसावर, मग जांभळासारखी फळं, पुढे शेंगावाले, आणि काटेरी दाट झुडपं तर भरपूर, कारण घरटी तिथे सुरक्षित असतात. लोक सगळी उंच झाडंच लावतात आणि मग दहा वर्षांनी खांबांचा मांडव तयार होतो, वर छप्पर, खाली काही नाही. माझा अंदाज विचाराल तर दर दहा रोपांत चार झुडपं हवीत.

किती आणि किती अंतरावर

यावर भांडणं होतात, म्हणून थोडं सविस्तर. जपानचे वनस्पतीशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांची पद्धत सगळ्यांनी ऐकलेली असते, दर चौरस मीटरला तीन-चार रोपं, म्हणजे दहा गुंठ्यांत तीन-चार हजार. शहरात टेनिस कोर्टाएवढी जागा असेल, पाणी आणि पैसा हाताशी असेल, तर ठीक आहे, पडदा लवकर तयार होतो. पण वन्यजीवांसाठी म्हणून करत असाल तर मला ती नाही पटत, कारण सगळीकडे सारखीच गर्दी होते, ऊन जमिनीवर पोचतच नाही, आणि कोरड्या भागात एवढ्या झाडांना पुरेल इतकं पाणी मातीत नसतंच.

दुसरी पद्धत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९८० च्या दशकात सुरू झाली आणि नंतर थायलंडच्या चियांग माई विद्यापीठातल्या लोकांनी १९९४ पासून ती पुढे नेली. त्यात वीस-तीस निवडक स्थानिक जाती साधारण १.८ मीटरवर लावतात, हेक्टरी ३,१०० च्या आसपास, आणि त्या निवडायच्याच अशा की लवकर सावली धरतील आणि फळं-फुलं देऊन पक्षी-प्राणी बोलावतील. बाकीच्या जाती ते पक्षी-प्राणीच विष्ठेतून आणतात. यात अट एकच, जिथून बी यायचं ते जुनं रान काही किलोमीटरच्या टप्प्यात शिल्लक असलं पाहिजे. नसेल तर बाकीच्या जाती पण तुम्हालाच आणून लावाव्या लागतील.

मी यातलंच थोडं सैल केलंय. पूर्ण जागा भरत नाही, बेटं करतो. पंधरा-वीस रोपांचं एक बेट, आत दीड-दोन मीटर अंतर, वेडंवाकडं, आणि दोन बेटांच्या मध्ये मोकळी जागा. पाव हिस्सा तरी जागा मोकळी ठेवतो, कायमची. फुलपाखरांना, सरड्यांना ऊन शेकायला तीच लागते, आणि सगळ्यात जास्त हालचाल दिसते ती गवत आणि झाडं जिथे भेटतात त्या काठावर. म्हणून काठ सरळ ठेवू नका, आत-बाहेर वळवा, बाहेरून आधी उंच गवत, मग झुडपं, मग छोटी झाडं, मग मोठी. उतरती कड असेल तर वाराही आत घुसत नाही.

रोपं आणि बिया

नर्सरीत रोपाची उंची बघू नका, पिशवी बघा. एक रोप उपसून तळाला मुळं गोल गोल गुंडाळलीत का ते तपासा, तशी असतील तर ते झाड पुढे पंधरा वर्षांचं होऊनही वाऱ्यानं आडवं पडू शकतं कारण मुळं पसरलेलीच नसतात. कमरेएवढं जुनं रोप घेण्यापेक्षा वीतभर-दोन वीतभर, जाड बुडख्याचं, नवं रोप घ्या, तीन वर्षांत ते मोठ्याला गाठतं.

बिया स्वतः गोळा करणं सगळ्यात मजेचं. एकाच झाडाखालून पोतं भरू नका, एकमेकांपासून लांब असलेल्या दहा-पंधरा झाडांखालून थोडं थोडं घ्या, नाहीतर तुमचं सगळं जंगल एकाच आईची लेकरं. जांभळासारख्या बिया वाळवून ठेवायच्या नसतात, वाळल्या की मेल्या, फळ खाल्लं की आठवड्याच्या आत मातीत. ओकच्या बिया पण तशाच. उलट बहाव्याचं बी इतकं टणक की वर्षभर मातीत पडून राहील. त्याचं एक टोक सँडपेपरवर घासायचं, आतला फिकट रंग दिसेपर्यंतच, जास्त नाही, मग रात्रभर पाण्यात टाकायचं. सकाळी जे फुगून दुप्पट झालंय ते लगेच पेरायचं, जे तसंच आहे ते परत घासायचं. पेरताना बी जेवढं जाड त्याच्या दोन-तीन पट खोल, बस.

लावायचा दिवस

पाऊस ठरावीक महिन्यांत पडतो तिथे माती वीतभर खोल ओली झाली की लगेच, म्हणजे मुळांना पूर्ण पावसाळा मिळतो. कडक थंडीच्या देशांत पानगळीच्या झोपेत लावतात. मधे कधीतरी सोयीच्या रविवारी लावलेलं मात्र कुठेच टिकत नाही.

खड्डा मऊ मातीत पिशवीपेक्षा थोडा मोठा असला तरी चालतो, मुरमाड जमिनीत मात्र दीड फूट लांब-रुंद-खोल घ्या. चिकणमातीत खड्ड्याच्या भिंती कुदळीनं गुळगुळीत होतात, कुंडीच होते ती, मुळं आतल्या आत फिरत राहतात, म्हणून पहारीनं भिंती खरबडून घ्या. खड्ड्यात शेणखताचा मारा करू नका, निघालेलीच माती परत भरा. पिशवी पूर्ण काढा (हो, हे सांगावं लागतं, मी पिशवीसकट लावलेली झाडं उपटून पाहिलीत). खोड आणि मूळ जिथे भेटतं तो भाग जमिनीच्या बरोबर राहिला पाहिजे, खोल गाडलं तर साल कुजते. मग पायानं दाबून माती बसवायची, आणि वरच्या कोवळ्या पानाला दोन बोटांत धरून हलकेच ओढायचं. रोप हललं तर सैल आहे, परत दाबा.

त्यानंतर आच्छादन, आणि इथे मी सगळ्यात जास्त रोपं घालवलीत. झाडाभोवती मीटरभर गोलात तीन-चार इंच जाड पालापाचोळा पसरायचा, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवायची, मेदूवड्यासारखी. मी पाचोळ्याचा ढीग थेट खोडाला टेकवला होता, खूप प्रेमानं. आत ओल धरली, बुडख्याची साल मऊ पडली, आणि जी रोपं ओलीतून वाचली त्यांच्या आच्छादनात उंदरांनी घर करून खोड गोल कुरतडलं. वरून पानं हिरवी आणि हात लावला की रोप हातात.

पहिली तीन वर्षं खरी मेहनत म्हणजे त्या मीटरभर गोलातलं गवत, वर्षातून तीन-चारदा, हातानं किंवा विळ्यानं. ब्रश कटरनं नाही, त्याची दोरी रोपाची साल एका सेकंदात सोलते. गोलाबाहेरचं गवत राहू द्या. पाणी पहिल्या कोरड्या हंगामात द्यायचं ते रोज तांब्याभर नाही, दहा-पंधरा दिवसांतून एकदा बादलीभर, हळूहळू जिरवत, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खाली जातात. दुसऱ्या वर्षी अंतर वाढवा, तिसऱ्या वर्षी बंद. काही मरतील. दहातली दोन गेली तर ती गेलीच म्हणायची, त्याच खड्ड्यात तेच झाड परत लावू नका, शेजारी जे छान चाललंय ते लावा.

गुरं-शेळ्यांपासून राखण हवीच, एक शेळी अर्ध्या तासात वर्षाचं काम खाते. पण काटेरी तार टाळा, वटवाघळं आणि घुबडं रात्री तिच्यात अडकतात. जाळी लावली तर खालून वीतभर फट ठेवा, म्हणजे ससा, मुंगूस ये-जा करतील, आणि जाळीच्या आतून काटेरी झुडपांची रांग लावा, पाच वर्षांत तीच कुंपण होते. उन्हाळ्याआधी कडेनं चार-पाच मीटरची जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत-पाचोळा नसलेला पट्टा, साफ ठेवा. वणवा एकदा आत आला की ही सगळी कथा परत पहिल्यापासून.

आणि हे नक्की करा. तुकड्याच्या मधोमध, जिथे झाड नाही तिथे, फांद्या असलेलं एखादं वाळलेलं खोड माणसाच्या दुप्पट उंचीचं, घट्ट रोवा. मी रोवलं त्याच दुपारी कोतवाल पक्षी येऊन बसला. पुढच्या पावसानंतर खाली बघितलं तर वावभर गोलात नुसती बारकी रोपं, त्यातली निम्मी मी यादीत लिहिलेली पण मला कुठेच न मिळालेली. फळं खाणारा पक्षी उघड्या मैदानावर उतरत नाही, त्याला टेकायला काहीतरी लागतं आणि टेकला की तो बी टाकूनच जातो. घाणेरी पण येते त्यातून, सगळं व्यापून टाकणारं परदेशी झुडूप, ती लहान असतानाच, माती ओली असताना, मुळासकट उपटायची.

चौथ्या-पाचव्या वर्षी फांद्या एकमेकींना भेटतात, खालचं गवत आपोआप विरळ होतं. तेव्हा दुसरी लागवड, सावलीत वाढणाऱ्या जातींची, ज्या पहिल्या वर्षी उन्हात लावल्या असत्या तर करपल्या असत्या. वेली पण आता, आधी नाही, नाहीतर त्या छोट्या झाडांना वाकवतात. फार दाटी झालीय तिथे काही झाडं काढा, पण तोडलेलं लाकूड बाहेर नेऊ नका, सावलीत ढीग रचून ठेवा, भुंगेरे, बुरशी, बेडूक, साप सगळे तिथेच राहायला येतात. दिवे लावू नका, मांजर आत सोडू नका, पाण्याचा खळगा केला तर त्याची एक बाजू उतरती ठेवा म्हणजे पडलेला जीव बाहेर येईल.

एखादं मोठं झाड उभ्या उभ्या वाळलं तर शेजारी सगळे सांगतील काढून टाका, सरपण होईल. रस्त्यावर किंवा घरावर पडणार असेल तर फक्त वरच्या फांद्या उतरवा आणि खोड उभं ठेवा. सुतार आणि तांबट पक्षी त्यात भोक पाडतील, ते गेले की त्याच ढोलीत पोपट, साळुंक्या, पिंगळे राहायला येतील. माझ्याकडे असं एकच खोड आहे, पहिल्या लागवडीत ओळीत लावलेल्यांपैकी, आणि सध्या त्याच्या दोन भोकांवरून पोपट आणि साळुंक्यांचं रोज सकाळी भांडण चालू आहे.